वा, काय कुमरा आहे

आधी चहा घ्या. हे ऐकून तुम्ही हसणार आहातच, तर निदान हातात कप असू दे. रिकाम्या हाताने माझ्यावर हसणारी माणसं मी गेल्या काही महिन्यांत भरपूर पाहिली आहेत.

झालं एवढंच की मी एका भाषेतले तीन शब्द बोललो. आपण ती भाषा बोलतोय हे मला माहीतही नव्हतं. पण त्या तीन शब्दांपायी माझं तीन वर्षं जपलेलं लॉन गेलं, ऑफिसात मी घशात घास अडकणारा माणूस म्हणून प्रसिद्ध झालो, आणि आमच्या घरात एक आजोबा राहायला आले. माझे नाहीत हो. मेघनाचेही नाहीत. थेट पापुआ न्यू गिनीच्या डोंगरातले.

थांबा, नीट सांगतो. मेघना माझी बायको, नर्स आहे. तिच्याच वॉर्डात रोझा आहे, ती पण नर्स. पापुआ न्यू गिनीची, गोड मुलगी, तेव्हा नववा महिना लागत होता. आम्ही इथे परदेशात, मनुरेवा नावाच्या उपनगरात राहतो, ती आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. तिची आई नाही. बाळंतपणाला म्हणून तिने वडिलांना बोलावून घेतलं होतं. आणि वडील आलेत म्हणून एका रविवारी दुपारी बार्बेक्यूला आम्हाला बोलावलं.

आता ह्याच्या आदल्या शनिवारी काय झालं तेही सांगायला हवं, नाहीतर माझ्या मूर्खपणाची खोली कळणार नाही. आमच्या मंडळात माझं भाषण झालं. विषय, मराठीची समृद्धी. चाळीस मिनिटं बोललो. त्यात मी छातीठोकपणे सांगितलं की ज्याच्या जिभेला ळ जमला, त्याला जगातली कुठलीही भाषा जमते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेघनाने नाही वाजवल्या. ती पहिल्या रांगेत बसून फोनमध्ये किराणा मागवत होती.

तर रविवार. सगळे बार्बेक्यूभोवती उभे, आणि रोझाचे वडील एका कोपऱ्यात वेगळेच बसलेले. लहानखुरे, लोकरी टोपी, मांडीवर ब्लँकेट, पायात कोणाची तरी मोठी जांडल्स, म्हणजे रबरी चपला. कोणाशी एक अक्षर बोलत नव्हते. त्यांनी विटा मांडून स्वतःची एक छोटी चूल केली होती आणि राखेत कुमरे भाजत होते. कुमरा म्हणजे आपलं रताळं, इथे त्याला कुमरा म्हणतात. मी जवळ गेलो तर त्यांनी एक कुमरा झटकून माझ्या हातात दिला. मी सालासकट चावा घेतला. वाफाळलेला, खरपूस, आत मधासारखा गोड. जीभ भाजली, पण तोंडातून गेलंच, "वा, काय कुमरा आहे."

आजोबा ताडकन उभे राहिले. ब्लँकेट खाली पडलं.

त्यांनी माझा दंड धरला आणि बोलायला लागले. काय ते बोलणं. गेले कित्येक दिवस कोंडलेलं धरणच फुटलं. मला एक शब्द कळेना. आता समोरचा म्हातारा माणूस डोळ्यांत पाणी आणून बोलतोय, तर आपण काय करणार? मी मान डोलावली. ते श्वास घ्यायला थांबले की म्हणालो, "हो का?" ते आणखी जोरात सुरू झाले. पुन्हा थांबले. मी म्हणालो, "असं का?" पुन्हा सुरू. मध्येच "हो ना, हो ना" पण केलं. वीस मिनिटं हे चाललं.

रोझा पोटावर हात धरून धावत आली. आजोबांनी तिला काहीतरी सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"नीरू, तुला कुमान येते?"

इथे सरळ माणूस काय म्हणाला असता? "नाही बाई, कुमान म्हणजे काय?" एवढंच. विषय तिथेच संपला असता. पण मेघना चार पावलांवर उभी होती आणि तिच्या भुवया वर गेलेल्या होत्या. आदल्या दिवशीच्या टाळ्या अजून कानात होत्या.

मी म्हणालो, "थोडी थोडी."

गाडीत बसल्यावर मेघना म्हणाली, "कुमान म्हणजे काय?"

मी म्हणालो, "अगं, ते..."

"हं. मला वाटलंच."

मागून आमची ईरा, वय वर्षं अकरा. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. "बाबा, यू आर इन सो मच ट्रबल," म्हणाली. पोरीला दिसलं ते मला दिसलं नाही.

मंगळवारी मेघना ड्यूटीवरून आली ती पर्स न ठेवता माझ्यासमोर उभी राहिली. अख्ख्या वॉर्डाला कळलं होतं की मेघनाच्या नवऱ्याला कुमान येते. ते जाऊ दे. पुढचं वाईट होतं. आजोबांना परत जायचं होतं. पुढच्याच आठवड्यात. बाळाची तारीख पाच आठवड्यांवर, आणि हे म्हणत होते तिकीट बदला.

"का पण?"

"बोलायला कोणी नाही म्हणून. रोझा आणि तिचा नवरा दिवसभर कामावर. रोझा लहानपणापासून शहरात वाढली, तिला कुमान कळते पण बोलताना अडखळते. मग ती वेगळ्याच भाषेत उत्तर देते, आपल्या ईरासारखी. ते म्हणतात, माझं तोंड गंजलं. तिला वाटतंय तू त्यांच्याशी बोललास तर ते थांबतील."

"अगं, पण मी..."

"मला माहीत आहे तुला ओ की ठो येत नाही. मी तिला आजच सांगणार होते. पण ती लॉकर रूममध्ये रडत होती, निरंजन. आई नाही, बाप पण निघाला तर बाळंतपणात तिचं इथे कोण आहे? मला नाही सांगवलं. आता तू पसरवलंस, तू निस्तर."

मेघना मला एरवी नीरू म्हणते. निरंजन म्हणाली की मी वाद घालत नाही.

दुसऱ्या दिवशी माउंट वेलिंग्टनच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी नेटवर बसलो आणि कुमान भाषेची ओळख करून देणारं एक पान शोधून काढलं. दोन-अडीच स्क्रोलचं असेल. सिम्बू नावाच्या डोंगराळ भागात बोलतात. क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, अगदी आपल्यासारखं. मी मनात म्हटलं, बघा, घरचीच भाषा निघाली. मग खाली चार शब्दांचे अर्थ दिले होते आणि ते वाचून माझ्या हातातला पोळीचा रोल तसाच राहिला.

वाकाय म्हणजे छान. का म्हणजे बोलणं, शब्द. ना म्हणजे मी.

आता बसा हिशोब लावत. "वा, काय." "हो का?" "असं का?" "हो ना, हो ना." म्हणजे मी त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याला दंड धरू देऊन वीस मिनिटं सांगत होतो की छान, बोला, बोला, मी, मी. इतके दिवस ज्याच्याशी कोणी बोललं नाही, त्याला मी देवच वाटलो असणार.

आणखी एक गोष्ट त्या पानावर होती. ह्या भाषेत एक आवाज आहे, लिहिताना ग आणि ल एकत्र लिहितात, पण तो ग नाही, ल नाही, आणि आपला ळ तर अजिबात नाही. जिभेचा मागचा भाग वर टेकवायचा आणि दोन्ही बाजूंनी हवा सोडायची. माझ्या अभिमानाचा प्रश्न होता. ऑफिसच्या किचनमध्ये सिंककडे तोंड करून मी सराव सुरू केला. चौथा शब्द होता निगल, शेवटी तोच आवाज, अर्थ पाणी. दहाव्या प्रयत्नाला मागून कोणीतरी माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की चष्मा सिंकमध्ये. आमचा टेस्टिंगचा माणूस होता, सहा फूट दोन इंच.

"यू ऑल राइट, मेट?" म्हणाला आणि माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला.

म्हणजे बघा, ज्याला कुमान येत नाही त्यालाही कळलं की मी पाणी म्हणतोय. ह्यातलं समाधान मला त्या क्षणी घेता आलं नाही. अजूनही मी किचनमध्ये डबा उघडला की कोणीतरी पाठीमागे तयारीत उभं राहतं.

शनिवारी सकाळी रोझा आजोबांना आमच्याकडे सोडून गेली. मुद्दाम थांबली नाही, म्हणाली, तुम्ही दोघं मोकळेपणाने बोला. मोकळेपणाने. माझ्याकडे चार शब्द, त्यातला एक पाणी.

मेघनाने पोहे दिले. आजोबांनी एक घास खाल्ला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "वाकाय." मी पण म्हणालो, "वाकाय." इथपर्यंत आमचं उत्तम चाललं होतं.

मग मी सुरुवात केली. "आजोबा, ना... म्हणजे मी... अहो, तुम्ही..." पुढे काय? मी खुणांवर आलो. विमान केलं, दोन्ही हात पसरून, आणि नाही म्हणून मान हलवली. मग तळहात गालाला लावून झोपल्यासारखं केलं, म्हणजे राहा. मग पाच बोटं, म्हणजे पाच आठवडे. मग पोटाचा गोल दाखवला आणि बाळ झुलवलं. सोफ्यावरून ईरा हे सगळं तिच्या मैत्रिणीला फोनवर सांगत होती. आणि मग मी घात केला. कुठे राहा, तर इथे, म्हणून बोट खाली दाखवलं. मला म्हणायचं होतं, ह्या देशात. पण देशाकडे बोट कसं दाखवतात? ते गेलं आमच्या हॉलमधल्या गालिच्याकडे.

आजोबांनी गालिचा बघितला. मग हॉल बघितला. मग उठून जाऊन पाहुण्यांची खोली बघून आले. माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून म्हणाले, "वाकाय."

रविवारी सकाळी साडेसातला बेल वाजली. दारात आजोबा. कपाळावरून मागे सोडलेली विणलेली झोळी, बगलेत ब्लँकेट आणि हातात कुदळ. मागे गाडीत रोझा, आणि ती रडत होती, पण आनंदाने.

"नीरू, पापा थांबतायत. म्हणतात, नीरूने मला बाळ होईपर्यंत त्याच्या घरी राहायला बोलावलं. तू हे त्यांना कुमानमध्ये सांगितलंस?"

"रोझा, ऐक ना, मी..."

"तुला माहीत नाही आमच्यात ह्याचा अर्थ काय होतो. घरी बोलावून कोणी नाही म्हणालं असतं तर पापा लाजेने आजच्या विमानाने गेले असते."

मेघनाने आजोबांच्या हातातली झोळी घेतली, मला चिमटा काढला आणि म्हणाली, "या आजोबा." मराठीत. ते आत गेले.

कुदळ कशाला ते सोमवारी कळलं. माझं आठवड्यातून तीन दिवस घरून काम असतं. सकाळची मीटिंग चालू होती, खिडकीबाहेर नजर गेली, आणि माझ्या लॉनच्या मधोमध आजोबा. माझं लॉन म्हणजे काय हे ह्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. तीन वर्षं मी त्यात तणाचं एक पिवळं फूल उगवू दिलेलं नाही. शेजारचा गोरा म्हातारा थांबून बघतो. त्यात ह्या गृहस्थांनी चार मोठे मातीचे उंचवटे करून ठेवले होते आणि पाचव्याला हात घातला होता. कुमऱ्याचे वेल लावत होते. पाहुणा म्हणून फुकट कसं खायचं, हा त्यांचा विचार, हे रोझाकडून मागाहून कळलं.

मी हेडफोन काढून धावलो. "अहो आजोबा, का? का पण? का?"

आता तुम्हाला का म्हणजे काय ते माहीत आहे. मला पण माहीत होतं, पण रागात माणसाला परकी भाषा कुठली आठवते? आजोबांना ऐकू आलं, बोला, बोला पण, बोला. त्यांनी कुदळ जमिनीत रोवली, तिच्यावर हात ठेवला आणि सभेत बोलतात तसं भाषण दिलं. अर्धा तास. हात पसरून, मध्येच गाऊन. शेजारचा गोरा म्हातारा कुंपणावरून ऐकत होता, शेवटी त्याने टाळ्या वाजवल्या. आत माझ्या मीटिंगमध्ये मायक्रोफोन चालू राहिला होता आणि खिडकी उघडी होती. माझ्या मॅनेजरने तो सगळा वेळ मला म्हणे आदराने म्यूट केलं नाही, त्याला वाटलं इथल्या मूळ रहिवाशांचा, माओरींचा कार्यक्रम चालू आहे.

हे पाच आठवडे चाललं. मी काम करायला बसलो की आजोबा खुर्ची ओढून शेजारी. ते बोलायचे. मी वैतागून म्हणायचो, "अहो, मला..." की ते थांबून वाट बघायचे, अगदी माझ्या तोंडाकडे बघत. मग मी म्हणायचो, "बापरे," आणि ते पुन्हा सुरू. मेघनाला हाक मारायचो, "अगं, ऐक ना," ती यायची नाही. फोन आला की "हो हो, बघतो." आजोबा सगळं ऐकत असायचे. मला वाटायचं, बिचाऱ्यांना काय कळतंय.

खोटं सांगत नाही, मी रोज ठरवायचो की आज रोझाला खरं सांगायचं. कारण एक गोष्ट मला आता टोचायला लागली होती. हा माणूस मला त्याच्या गावाबद्दल, त्याच्या बायकोबद्दल, काय काय सांगत असेल, कधी डोळे पुसायचा, आणि मी नंदीबैलासारखा मान हलवायचो. मला स्वतःची लाज वाटायची. पण खरं सांगितलं तर ते जाणार. मग रोझाचं काय? रोज संध्याकाळी ती येऊन बापाशेजारी बसायची, पाय सुजलेले, आणि हळूहळू तिची कुमान सुटायला लागली होती. माझ्यापुढे अडखळायची लाज नाही वाटत म्हणायची. मी थोर जाणकार ना.

मुलगी झाली. मंगळवारी दुपारी, सुखरूप. चौथ्या दिवशी आम्ही रोझाच्या घरी बघायला गेलो. आजोबा नात मांडीवर घेऊन सोफ्यावर बसले होते, टोपी तशीच. मी ठरवूनच गेलो होतो. बाळाला बघितलं, चांदीचे वाळे दिले, आणि म्हणालो, "रोझा, मला काहीतरी सांगायचं आहे. ती कुमान, मला..."

आजोबांनी हात वर केला. आणि रोझाशी बोलायला लागले. ती ऐकता ऐकता हसायला लागली, मग इतकी हसली की तिच्या नवऱ्याने बाळाला उचलून आत नेलं.

"नीरू," ती डोळे पुसत म्हणाली, "पापा म्हणतात, त्यांना पहिल्या रविवारीच कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"की तुला येत नाही. त्यांनी तुला विचारलं होतं, तुझं गाव कुठलं, आणि तू म्हणालास, बोला."

मेघना भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते.

मी म्हणालो, "मग ते माझ्याशी पाच आठवडे का बोलले?"

रोझाने विचारलं. आजोबा बराच वेळ बोलले, शांतपणे. ती पण शांत झाली.

"म्हणतात, ह्या देशात सगळी माणसं चांगली आहेत. सगळे मला सांगतात, बस, खा, थंडी आहे, बूट काढ, जपून. बोल असं कोणी म्हणत नाही. हा माणूस मी थांबलो की म्हणायचा, बोल. अर्थ न कळता म्हणायचा, पण म्हणायचा तर."

माझ्या घशात खरोखरच काहीतरी अडकलं. ह्या वेळी कोणी पाठीत मारलं नाही.

"आणि म्हणतात," रोझा पुढे म्हणाली, "कळत नसून तू माझ्या भाषेत पाच आठवडे बसलास, म्हणून मी तुझी शिकून घेतली."

"मराठी?" मी सरसावून बसलो. "किती आली?"

"सगळी."

आजोबांनी घसा साफ केला. बोटं मोजत, आणि शप्पथ सांगतो, हुबेहूब माझ्या आवाजात, माझ्या वैतागात म्हणाले, "अहो. बापरे. अगं. हो हो. मी." पाच बोटं संपली. मूठ मिटली. मग रोझाला आणखी काहीतरी सांगितलं.

"सोपी भाषा आहे म्हणतात. शब्द पाच. गावी गेल्यावर सगळ्यांना शिकवणार आहेत. फक्त एक गोष्ट त्यांना विचित्र वाटली."

"कुठली?"

"आमच्या भाषेत क्रियापद शेवटी येतं. ते पाच आठवडे तुझ्या वाक्याच्या शेवटाची वाट बघत होते. तुमच्या भाषेत क्रियापद नसतंच का?"

ईरा सोफ्यावर लोळत होती. मेघना भिंतीकडून वळली आणि म्हणाली, "आजोबांना सांग, मी चौदा वर्षं वाट बघतेय."

मंडळात ज्या भाषेच्या समृद्धीवर मी चाळीस मिनिटं बोललो होतो, ती मी एका माणसापर्यंत पाच शब्दांत पोचवली होती, आणि तीही क्रियापदाशिवाय. काहीतरी बोलायलाच हवं होतं. मराठीची अब्रू होती. मी उभा राहिलो, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणालो, "अहो आजोबा, मी..."

सगळे माझ्याकडे बघत होते. आजोबा थोडे पुढे झुकले, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि फार प्रेमाने म्हणाले, "का."